गेटपर्यंतची १३ मिनिटं

प्रश्न: बाणेरच्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात अकराव्या मजल्यावरचे ६२ वर्षांचे गृहस्थ सकाळचा चहा घेता घेता खुर्चीतून कोसळले. अ‍ॅम्ब्युलन्स १३ मिनिटांत गेटवर आली, पण ते वाचले नाहीत. आता कमिटी एका खासगी अ‍ॅम्ब्युलन्स सेवेशी वर्षाचा करार करायचं म्हणते आहे. त्यांच्या माहितीपत्रकात ‘सरासरी ९ मिनिटांत पोहोच’ आणि ‘बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करण्यात उत्तम यश’ असं छापलंय. कार्डिॲक अरेस्टमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सचं काम चांगलं की वाईट, हे नेमकं कशावरून ठरवायचं? आणि १३ मिनिटं म्हणजे उशीर झाला का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच तुमच्या मनात रुतलेला दिसतो. हो, १३ मिनिटं म्हणजे उशीर. पण ९ मिनिटं म्हणजेही उशीरच. हृदय बंद पडल्यावर कुणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुणी छाती दाबत राहिलं, तर ही घसरण मिनिटाला ३ ते ४ टक्क्यांवर येते. हा हिशेब कागदावर मांडून बघा. गाडी चार मिनिटं लवकर आली की नाही, यापेक्षा त्या मिनिटांत छातीवर कुणाचे हात होते की नाही, यानं जास्त फरक पडतो. इथे मी हार्ट अटॅकबद्दल बोलत नाही. हार्ट अटॅकमध्ये माणूस छातीत दुखतंय म्हणून सांगू शकतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदयच बंद पडल्यावर, तो सांगायला शुद्धीवर नसतो.

या कामात मला बावीस वर्षं झाली. पहिली नऊ गाडीवर, नंतर कॅज्युअल्टीत, आणि आता मुख्यतः झालेल्या केसेसच्या फायली तपासण्यात. फायली तपासणं हे कंटाळवाणं काम आहे. पण पत्रकातलं ‘सरासरी ९ मिनिटं’ वाचताना हसू का येतं, ते या कामातच कळलं.

पहिली गोष्ट, हे घड्याळ सुरू कुठे होतं? फोनची रिंग वाजली तेव्हा, फोन उचलला तेव्हा, पत्ता लिहून झाला तेव्हा, की पायलटनं गाडी हलवली तेव्हा? (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात.) आणि थांबतं कुठे? बहुतेक ठिकाणी थांबतं ते गेटवर. जीपीएसला गेटच कळतं. अकरावा मजला त्याला कळत नाही. तुमची १३ मिनिटंसुद्धा गेटपर्यंतचीच आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. त्यापुढचं मी न बघता सांगू शकतो: वॉचमननं रजिस्टर पुढे केलं असेल, कुठल्या विंगमध्ये जायचं ते विचारावं लागलं असेल, लिफ्ट वर गेलेली असेल, आणि आली तेव्हा स्ट्रेचर आडवं मावलं नसेल. मी स्वतः एका हातात मॉनिटर धरून दुसऱ्या हातानं अशा रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ लिहिलेलं आहे.

या उभ्या प्रवासाचा हिशेब टोरांटोत झाला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खालच्या दोन मजल्यांवर कोसळलेल्यांपैकी ४.२ टक्के लोक वाचून घरी गेले, तिसऱ्या मजल्यावर आणि त्याच्या वर २.६ टक्के. (त्यांचा तिसरा म्हणजे आपला दुसरा.) सोळाव्याच्या वर २१६ जण होते, त्यातले फक्त दोघं वाचले. बाणेर, वाकड, खराडीकडे जे टॉवर उभे राहतायत, त्यांच्या ब्रोशरमध्ये हा तक्ता छापत नाहीत. पेठांमधल्या वाड्यांची अडचण वेगळी, तिथे मजले दोनच पण जिना असा की एक माणूस खाली आला तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं.

म्हणून वेळ मोजायचीच असेल तर फोन उचलल्यापासून रुग्णाच्या अंगाला हात लागेपर्यंत मोजा, आणि जमलं तर पहिल्या शॉकपर्यंत, म्हणजे हृदयाला दिलेल्या विजेच्या झटक्यापर्यंत.

दुसरी गोष्ट ‘सरासरी’. दहा कॉल धरा. नऊ कॉलना गाडी ६ मिनिटांत पोहोचली आणि दहाव्याला ३६ मिनिटं लागली, कारण पौड रोडला कोंडी होती. बेरीज ९०, सरासरी ९. पत्रकात खोटं काहीच नाही. फक्त त्या दहाव्या घरी जाऊन ही सरासरी सांगून बघा. इंग्लंडमध्ये २०१७ पासून सर्वांत गंभीर कॉलसाठी दोन आकडे एकत्र बघतात: सरासरी ७ मिनिटं, आणि दहापैकी नऊ कॉल १५ मिनिटांच्या आत. दुसरा आकडा मागितला की पहिल्याचं पितळ उघडं पडतं. तुम्हीही दुसरा मागा. शिवाय वेळ कोणत्या तासातली तेही विचारा. पहाटे तीनला कर्वे रोड ज्यानं पाहिलाय आणि संध्याकाळी सातला विद्यापीठ चौक ज्यानं पाहिलाय, त्याला याचं कारण सांगायला नको. गणपती विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड परिसरातला कॉल आला तर गाडी लांब लावून सामान खांद्यावर घेऊन पळावं लागतं. ते दिवस आकडेवारीत धरलेत की वगळलेत?

आता ‘हृदय पुन्हा सुरू करण्यात यश’. आम्ही याला बोलताना ‘रॉस्क’ म्हणतो: नाडी परत लागली, मॉनिटरवर ठोके दिसायला लागले. त्या क्षणी गाडीत जो आनंद होतो तो खरा असतो, मला अजूनही होतो. पण तो आनंद मोजमाप म्हणून वापरला की फसगत होते. ब्रिटनमध्ये २०१८ साली ८,०१४ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ॲड्रेनॅलिन (हृदय सुरू करायचं औषध), निम्म्यांना साधं सलाइन, देणाऱ्याला माहीत नाही सिरिंजमध्ये काय आहे. ॲड्रेनॅलिन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं हृदय हॉस्पिटलला नेण्याआधी परत सुरू झालं, सलाइनवाल्यांत जेमतेम १२ टक्के. तिप्पट! पत्रकवाले इथेच थांबतील. पण महिनाभरानं जिवंत असलेले ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के. आणि मेंदू बऱ्यापैकी शाबूत असलेले २.२ विरुद्ध १.९, म्हणजे ठाम फरक आहे असं म्हणता येऊ नये इतकं कमी अंतर. वाचलेल्यांमध्ये गंभीर अपंगत्व आलेल्यांचं प्रमाण मात्र ॲड्रेनॅलिनच्या गटात जास्त, ३१ टक्के विरुद्ध जवळपास १८. म्हणून आम्ही ॲड्रेनॅलिन देणं बंद केलं असं नाही, आजही दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम देतो. मुद्दा एवढाच की ‘रॉस्क’च्या टक्केवारीवर गाडीचा दर्जा ठरवला, तर हृदय सुरू करायचं औषध जिंकतं आणि मेंदूचा निकाल कुणी विचारत नाही.

विचारायचं ते हे: किती जण हॉस्पिटलमधून घरी गेले, आणि घरी जाऊन स्वतःचं स्वतः करू शकले? यासाठी एक ते पाच अशी साधी श्रेणी जगभर वापरतात. एक म्हणजे जवळपास पूर्ववत, दोन म्हणजे थोडी कसर आहे पण स्वतंत्र, तीन म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून, चार म्हणजे बेशुद्धावस्था, पाच म्हणजे मृत्यू. एक आणि दोन हे यश धरायचं. हे कळायला अ‍ॅम्ब्युलन्स सेवेनं हॉस्पिटलकडून पुढची माहिती मिळवावी लागते, आणि इथेच गाडं अडतं. केस शीटवर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ५०’ लिहिलेलं असतं, हॉस्पिटलच्या फायलीत तोपर्यंत नातेवाईक येऊन नाव लागलेलं असतं. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे जुळवायला कुणीतरी फोन घेऊन बसावं लागतं. ज्या सेवेत असा फोन घेऊन बसणारा माणूस पगारावर आहे, ती मोजमापाबाबत गंभीर आहे. मी तरी आधी त्या माणसाची चौकशी करतो.

यशाच्या टक्केवारीखाली एक दुसरा आकडा असतो, छेद. शंभरातले किती, यातले ‘शंभर’ कोण? यावर एके काळी इतका गोंधळ होता की दोन शहरांचे आकडे शेजारी ठेवता येत नसत. म्हणून १९९० साली नॉर्वेत, स्टाव्हांगरजवळच्या उत्स्टाइन नावाच्या जुन्या मठात जगभरचे डॉक्टर बसले आणि पुढच्या वर्षी नोंदी कशा ठेवायच्या याचा एक नमुना प्रसिद्ध झाला. अरेस्ट कुणी होताना पाहिला का, आजूबाजूच्या कुणी छाती दाबली का, मॉनिटरवर पहिल्यांदा काय दिसलं, शॉकनं सुधारण्यासारखी थरथर होती का, की सरळ रेषा? हे प्रश्न त्या बैठकीतले. तुलना करायची तर सारख्याशी सारखं: कुणीतरी पाहिलेला आणि शॉक देण्याजोगा अरेस्ट, एवढाच गट वेगळा काढून. तुमचे गृहस्थ घरच्यांच्या समोर पडले. पहाटे बाथरूममध्ये पडून दोन तासांनी सापडलेल्या माणसाशी त्यांची तुलना करून कुठल्याच गाडीला न्याय मिळणार नाही.

छेदाशी खेळणं फार सोपं आहे. ज्याच्यात दम नाही असं वाटलं, त्याच्यावर ‘प्रयत्न केला नाही’ लिहायचं. की तो छेदातून बाहेर. आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे. घरातल्यांसमोर ‘गेले’ असं म्हणायची हिंमत गाडीवरच्या डॉक्टरला होत नाही (खाली पन्नास माणसं जमलेली असतात, दोष देत नाही). मग निष्प्राण देह गाडीत घालून सायरन लावून हॉस्पिटलात नेतात आणि तिथे ‘ब्रॉट डेड’ची नोंद होते. तो मृत्यू गाडीच्या कागदावर ‘रुग्ण पोहोचवला’ आणि हॉस्पिटलच्या कागदावर ‘आधीच मृत’. दोघांच्याही यशाला धक्का नाही. माणूस हिशेबातूनच गळला.

न्यूयॉर्कनं हे प्रामाणिकपणे मोजलं तेव्हा, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, २,३२९ पैकी १.४ टक्के वाचल्याचं निघालं. गर्दी, उंच इमारती, अडकलेल्या गाड्या, सगळं आपल्यासारखंच. मला पत्रकातल्या कुठल्याही ‘उत्तम यशा’पेक्षा हा १.४ अधिक विश्वासाचा वाटतो. आणि हो, छोट्या सेवेनं ‘यंदा आमचं यश दुप्पट’ म्हटलं तर विचारा, किती केसेस? वीसपैकी दोन वाचले तर १० टक्के झाले, पण एवढ्या कमी केसेसवर खरं प्रमाण १ ते ३२ टक्क्यांत कुठेही असू शकतं. पुढच्या वर्षी चार वाचले तर पेढे जरूर वाटा, निष्कर्ष काढू नका.

मग गाडीतलं काम नेमकं कसं जोखायचं? निकाल हा बऱ्याच गोष्टींवर ठरतो, त्यातल्या अर्ध्या गाडी येण्याआधीच घडून गेलेल्या असतात. गाडीच्या हातात जे असतं ते असं: किती सेकंद छातीवरून हात उठले होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. गाडीवर असतानाच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे नवा मॉनिटर आला होता, छातीवर लावलेल्या पॅडमधून प्रत्येक दाबाची नोंद ठेवणारा. सदाशिव पेठेतला कॉल. दुसरा मजला, लाकडी जिना. पन्नाशीचे गृहस्थ झोपाळ्याशेजारी जमिनीवर, पुतण्या छाती दाबत होता, बऱ्यापैकी दाबत होता. मी पहिल्या झटक्यात श्वासनलिकेत नळी घातली आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो, अंधारात, गुडघ्यावर बसून, एका फटक्यात. चौथ्या दिवशी आमच्या सरांनी त्या केसचा कागद टेबलावर पसरला. दाबांच्या रेषा फणीच्या दातांसारख्या ओळीनं, आणि मध्ये दात पडल्यासारखी मोकळी जागा. ४१ सेकंद. “हे काय?” सरांनी विचारलं. म्हटलं, “नळी घालत होतो सर.” “नळी तू घालत होतास. दाबणारा का थांबला?” मी त्याला हात वर करायला सांगितलं होतं, मला नीट दिसावं म्हणून. पुढे जिना उतरताना अशीच आणखी मोठी मोकळी जागा होती. ते गृहस्थ वाचले नाहीत. माझ्यामुळे, असं कुणी म्हणणार नाही. म्हणता येणारही नाही. पण त्या ४१ सेकंदांत मेंदूकडे रक्त जात नव्हतं, आणि मी त्यालाच माझं कौशल्य समजत होतो.

तेव्हापासून मी फाइल उघडली की आधी हा कागद बघतो. एकूण वेळेच्या किमान ६० टक्के वेळ छाती दाबली गेली पाहिजे, चांगली टीम ८० च्या वर जाते. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी. शॉकच्या आधीचा थांबा १० सेकंदांच्या आत. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा, कारण थकलेल्या माणसाचे दाब उथळ होतात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. हे आकडे मॉनिटर स्वतः देतो, कुणाच्या आठवणीवर विसंबायची गरज नाही. कित्येक गाड्यांत असा मॉनिटर असतो आणि त्यातली नोंद कुणीही कधीही उतरवून घेत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

एक गोष्ट नातेवाईकांना पटवणं सर्वांत कठीण. टीम घरातच, जमिनीवर, २० मिनिटं काम करत बसली तर लोक खवळतात. “अहो, इथे काय करताय, हॉस्पिटलला हलवा!” पण चालत्या गाडीत, वळणावर एका हातानं दांडी धरून दिलेले दाब हे दाब नसतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात सारख्या परिस्थितीतल्या रुग्णांची तुलना केली: हृदय बंद असतानाच हलवलेल्यांपैकी ४ टक्के वाचले, जागेवरच प्रयत्न चालू ठेवलेल्यांपैकी ८.५ टक्के. तेव्हा ‘घटनास्थळी कमीत कमी वेळ’ हे ज्या सेवेनं भूषण म्हणून छापलंय, ती अरेस्टच्या बाबतीत उलट्या दिशेनं पळते आहे. अपघातातल्या रक्तस्रावाला तो नियम बरोबर, इथे नाही.

फोन उचलणारा माणूसही मोजायचा असतो, आणि याचं मोजमाप आपल्याकडे फारच क्वचित होतं. कोसळलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत अधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. घाबरलेली सून फोनवर सांगते, “घोरतायत”, “घरघर लागलीय”, “फिट आल्यासारखं करतायत”. पलीकडून प्रश्न येतो, “श्वास चालू आहे का?” ती म्हणते, “हो.” आणि तिथेच सगळं संपतं, कारण ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. प्रश्न असा हवा: “श्वास नेहमीसारखा चालू आहे का?” शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, म्हणजे लगेच फोन स्पीकरवर टाकायला सांगून छाती दाबायला लावायची आणि दाब मोजून घ्यायचे. फोन उचलल्यापासून अडीच मिनिटांच्या आत पहिला दाब पडला पाहिजे. रेकॉर्डिंग ऐकून हे मोजता येतं.

कागदांबद्दल थोडंसं. एकदा माझ्यासमोर एका सेवेच्या महिनाभराच्या केस शीट आल्या. पोहोचलो ७.१०, पहिला दाब ७.१५, शॉक ७.२०, निघालो ७.३०. सगळ्या वेळा शून्य किंवा पाचवर संपणाऱ्या. नंतर आठवून भरलेल्या. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या उलट, सेकंदापर्यंतच्या वेळा, पण शॉक गाडी पोहोचायच्या दोन मिनिटं आधी दिलेला! मॉनिटरचं घड्याळ पुढे होतं. कॉल सेंटर, मॉनिटर आणि डॉक्टरचं मनगट, ही तिन्ही घड्याळं रोज शिफ्टच्या सुरुवातीला जुळवली नाहीत तर वरचं सगळं व्यर्थ.

आता तुमचा करार. त्या सेवेला विचारा: गेल्या वर्षी किती अरेस्टवर गेलात, त्यातले किती घरी परतले, त्यातले किती स्वतंत्रपणे वावरतात, आणि नव्वद टक्के कॉलना किती मिनिटांच्या आत रुग्णापर्यंत पोहोचलात? नावं झाकून शेवटच्या पाच केसेसचे मॉनिटरचे कागद दाखवा म्हणावं. आकडे लहान आले तरी चालतील. ‘ते गोपनीय असतं’ म्हणाले तर चहा पिऊन उठा. करार केलात तरी १०८ ला फोन करायचं सोडू नका. २०१४ मध्ये राज्यभर ९३७ गाड्या घेऊन ही सेवा सुरू झाली, त्यातल्या २३३ प्रगत उपकरणांच्या, आणि गाडीत डॉक्टर असतो. दोन गाड्या आल्या तर बिघडत नाही. दाबायला हात जास्त मिळतात.

तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त एक वेळ नाही: ते खुर्चीतून पडल्यापासून कुणीतरी पहिल्यांदा छाती दाबेपर्यंतची. ती कुठल्याच गाडीच्या कागदावर सापडणार नाही. तुम्हालाच घरच्यांना विचारावी लागेल, आणि त्यांना आत्ता ते विचारू नका. त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी स्टॉपवॉच घेऊन गेटवर उभे राहा आणि भरलेली बॅग घेतलेल्या दोन माणसांना अकराव्या मजल्याच्या दारापर्यंत पाठवा. चार मिनिटांच्या वर लागली तर लॉबीत एक एईडी मशीन (साध्या माणसालाही शॉक देता येईल असं यंत्र) ठेवायचा आणि प्रत्येक विंगमधल्या पाच-सहा जणांना छाती दाबायला शिकवायचा ठराव मांडा. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेची नुसती छाती दाबण्याची, तोंडानं श्वास न देण्याची पद्धत तासाभरात शिकता येते. लिफ्ट खाली थांबवून ठेवायचं काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा. आणि अ‍ॅम्ब्युलन्सला रजिस्टरात सही करायला लावायची नाही, हे वॉचमनला आजच सांगा, मीटिंगची वाट बघू नका.